सात घरांचा एक जाळ

"सात घरांला एक जाळ पुरतो की रे तम्मा, मग सात जाळ कुणाला दाखवायला पेटवायचे?"

निंगव्वा मला हे म्हणाली तेव्हा डिसेंबरातला सोमवार होता, १९७४ सालचा. माझ्या हातातल्या कागदावर तिच्या गल्लीच्या नावापुढे सात चुली लिहिलेल्या होत्या. त्या मीच लिहिल्या होत्या.

सोलापुरात तेव्हा रॉकेल मिळत नव्हतं. रेशनच्या दुकानासमोर डबे रांगेत उभे असायचे, माणसं सावलीला बसायची आणि दुपारी दुकानदार मान हलवून फळ्या लावून घ्यायचा. दुष्काळ सरून दीड वर्ष झालं होतं, पण दुष्काळात तुटलेली झाडं काही परत आली नव्हती. वखारीत बाभळीचं लाकूड वजनावर कमी आणि ओळखीवर जास्त मिळे. अशा दिवसांत शहरातल्या काही सूत-व्यापाऱ्यांनी मिळून एक निधी काढला. थंडीचे चार महिने गरीब घरांना जळण द्यायचं, आणि ऊन तापायला लागलं की पत्र्याच्या घरांना छपरावर अंथरायला उसाचं पाचट. ज्या थोड्या घरांत विजेचा दिवा होता त्यांच्या बिलाचाही काही भाग निधी भरणार होता. सोलापूरला थंडी ती काय, असं बाहेरचा माणूस म्हणेल. तो पत्र्याखाली झोपलेला नसतो. पत्रा हा पदार्थ फार प्रामाणिक आहे. बाहेर जे काही असेल ते तो जसंच्या तसं आत आणून ठेवतो.

निधीचा नियम सोपा होता. जिथे चूल, तिथे चिठ्ठी. एका चिठ्ठीवर महिन्याला चाळीस किलो लाकूड आणि चार लिटर रॉकेल. हा नियम चन्नप्पांचा. चन्नप्पा निधीचे अध्यक्ष होते. साठीचा, पांढऱ्या टोपीचा, कमी बोलणारा माणूस, आणि स्वतःच्या घरी पाहुण्याला वाढल्याशिवाय न जेवणारा. त्यांचं म्हणणं असं, की माणसं मोजायला गेलं तर माणसं खोटं बोलतात. एका ताटात जेवणारे दोन भाऊ दोन अर्ज करतात. चूल खोटं बोलत नाही. समितीत कुणाला यात खोट दिसली नाही. मलाही दिसली नाही. मी निधीचा पगारी कारकून. गल्ल्यांतून हिंडून चुली मोजायचं काम माझ्याकडे होतं.

निंगव्वाची गल्ली एका मिलच्या मागच्या अंगाला होती. एका भिंतीला चिकटून सात पत्र्याची घरं. नोव्हेंबरात मी पहिल्यांदा गेलो तो बुधवार होता, दुपारची वेळ. पुरुष कामावर, बहुतेक बायका विड्यांच्या कारखान्यात पानं-तंबाखू आणायला गेलेल्या. प्रत्येक दारात तीन दगड मांडलेले होते आणि दगडांना काजळी होती. मी दगड मोजले आणि सात चुली लिहिल्या. वीस मिनिटांत काम झालं. मला कुणी फसवलं नाही. मी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

ते दगड अंघोळीच्या पाण्याचे होते. रविवारी कुणाकडे मटण आलं तर ते त्या दगडांवर शिजे, कारण निंगव्वाच्या चुलीवर मटण चालत नसे. गल्लीत खरी चूल एकच होती, आणि ती तिची होती.

निंगव्वा अक्कलकोटच्या खालच्या अंगाची, जिथे माणूस वाक्य मराठीत सुरू करतो आणि कानडीत संपवतो. तम्मा म्हणजे तिच्या कानडीत धाकटा भाऊ. नवरा सिद्रामप्पा मिलच्या बॉयलरवर होता. राखेच्या ढिगातून अर्धवट जळालेले कोळसे वेचून तो धोतराच्या सोग्यात बांधून आणायचा. छातीच्या दुखण्यानं तो गेला, त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. ती पन्नाशीच्या पुढची असेल. उंच, किंचित वाकलेली, बोटांची पेरं तव्याच्या वाफेनं पांढुरकी पडलेली.

दुष्काळाच्या वर्षी जळण संपलं तेव्हा शेजारच्या बाईनं आपलं पीठ तिच्याकडे आणलं. "तुजा जाळ पेटलेलाच हाय आक्का, माज्या दोन भाकरी टाक." मग दुसरी आली. वर्षभरात सहाही घरांनी आपापल्या चुली मोडल्या आणि त्या जागेवर पाण्याची घागर ठेवली. यासाठी कुठली सभा झाली नाही.

आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, ती पहाटे जाळ घाली. चुलीला वैल होती, म्हणजे दोन तवे बसत. एकीनं मळायचं, दोघींनी थापायचं, तव्यापाशी मात्र निंगव्वा. भाकरी पातळ, आरपार उजेड दिसेल इतकी. तव्यावरून उतरली की ती चुलीच्या कडेला उभी करून वाळवायची, कडकडीत. अशी भाकरी आठ दिवस राहते. आमच्याकडे सातारच्या बाजूला भाकरी म्हणजे ताटात पडेपर्यंत वाफाळलेली, म्हणून मला हे सगळं उशिरा कळलं. इथे शिळी भाकरी असा शब्दच नाही. कडक भाकरी ही मुद्दाम कडक केलेली असते, आणि तिच्यात जळणाची काटकसर वाळवून ठेवलेली असते. दुपारपर्यंत दोनशेच्या आसपास भाकरी निघत. मग विस्तवावर पाळीपाळीनं सहा घरांची डाळीची भांडी चढत. उरलेल्या दिवसांत संध्याकाळी थोडा जाळ झाला की भागे.

दोनशे भाकरींत कुणाची कोणती हे कळावं म्हणून ती खुणा करी. तव्यावर टाकायच्या आधी कडेला बोटाचं एक टिंब, ते विरुपाक्षच्या घरचं. दोन टिंबं पलीकडच्या घरचं. केराबाईच्या भाकरीला कडेला चिमटा. ज्याचं पीठ त्याची भाकरी. कुणाकडे शाळू असे, कुणाकडे रेशनची लाल मिलो ज्वारी. मिलोची भाकरी तुटते. तिला उकळत्या पाण्याची उकड कशी द्यायची हे निंगव्वालाच जमे. या सगळ्याबद्दल प्रत्येक घर तिला प्रत्येक खेपेला एक ओंजळ पीठ देई. सहा ओंजळी. त्यात तिच्या चार दिवसांच्या भाकरी होत. तिचं पोट त्या सहा ओंजळींवर होतं. दुसरं काही नव्हतं. तिच्या स्वतःच्या भाकरीवर खूण नसे.

नोव्हेंबरच्या शेवटी निधीचं जळण आलं. सात चिठ्ठ्या, सात घरं, दोनशे ऐंशी किलो लाकूड. ते सगळ्यांनी उचलून निंगव्वाच्या दारात रचलं. तिच्या हातानं ते दोन महिने सहज पुरलं असतं.

पंधरा दिवसांनी चन्नप्पा स्वतः पाहणीला निघाले. मी बरोबर होतो. सोमवार होता. गल्लीच्या तोंडाशीच भाजलेल्या ज्वारीचा वास आला आणि चन्नप्पांचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांना लाकडाची रास दिसली.

"हे लाकूड कुणाचं?"

"समद्यांचं की," निंगव्वा तव्यावरची नजर न काढता म्हणाली.

"सगळ्यांचं, मग तुझ्याच दारात कसं?"

"जाळ हितं हाय. लाकूड काय देवळात ठिवायचं?"

विरुपाक्ष दारात बसून दाढी करत होता. तो मिलमध्ये बदली कामगार. ज्या दिवशी काम न मिळे त्या दिवशी त्याची जीभ फार चाले. "लाकडाला पाय नसत्यात मालक. आमीच आणून टाकलाव. चोरी करायची तर गल्लीच्या मदोमद कोन रचतंय?"

चन्नप्पा आत वाकले. भिंतीला टेकून भाकरींच्या चळती उभ्या होत्या. "वखार घातलीस की भाकरीची! विकतेस?"

"ही इकायची भाकर हाय व्हय? बग की, खुणा हैत." तिनं एकेक उचलून दाखवली. "ही ह्येची. ही तिची. ही केराबाईची. केराबाईच्या भाकरीला चिमटा घेतल्याशिवाय तिला भाकर गोड लागत न्हाय."

"मला बी घेतीस की चिमटे," थापत बसलेली केराबाई म्हणाली. ही सांगोल्याकडची धनगराची बाई. दुष्काळात मेंढरं विकून नवरा-बायको शहरात आले होते. नवरा सुताच्या गाठी उचलायचा.

निंगव्वानं एक भाकरी मोडून चन्नप्पांच्या हातावर ठेवली. ती बिनखुणेची होती. त्यांनी खाल्ली. बराच वेळ चावली. "आईच्या हातची अशीच असायची," ते कानडीत म्हणाले. मग मराठीत, "मीठ कमी आहे."

"मीठ ज्याचं त्याच्या घरी."

चन्नप्पा हसले. मला वाटलं, झालं. पण बाहेर येऊन ते टोपी नीट करत म्हणाले, "भाकरी उत्तम. पण चूल एक, तर चिठ्ठी एक. सात चिठ्ठ्या कशा दिल्या?" हे मला होतं. मी दगडांकडे बोट केलं. ते म्हणाले, "दगड म्हणजे चूल नव्हे. ज्यावर भाकरी होते ती चूल. इथे एकाला सात दिल्या तर उद्या सगळं गाव येऊन म्हणेल आम्हीही एकत्र भाजतो. मी गुरुवारी परत येतो. सात चुली पेटलेल्या दिसल्या तर सात चिठ्ठ्या. नाहीतर निंगव्वाची एक राहील, बाकीच्या सहा रद्द."

ते टांग्यात बसून गेले. मी कागद दुरुस्त करायला मागे राहिलो, आणि तेव्हाच निंगव्वानं मला तो सात जाळांचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, नियम आहे. तिनं वैलीवरची भाकरी उलटली.

दुपारी बायका कारखान्यातून परतल्या तसं तिच्या दाराशी बोलणं सुरू झालं.

"मग घालू की चुली," केराबाई म्हणाली. "चिखल काय रेशनवर हाय?"

"सात जाळ पेटले की हे लाकूड किती दिवस जातंय?" निंगव्वानं विचारलं.

"जाईना. एका चिठ्ठीवर सात घरं म्हणजे पंदरवडा बी न्हाय. ह्यो मालक एकच चिठ्ठी ठिवतो म्हनलाय. त्यापरीस वायलं वायलं मिळालेलं बरं."

हिशेबात केराबाईचं चूक नव्हतं. सात चिठ्ठ्या आणि एक जाळ हे सगळ्यांत चांगलं, पण ते नियमात बसत नव्हतं. एक चिठ्ठी आणि एक जाळ म्हणजे गल्ली उपाशी. उरलं ते सात चिठ्ठ्या आणि सात जाळ. यात एकाच माणसाचं नुकसान होतं, आणि ते माणूस तिथेच बसलं होतं. हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

शेवटी विरुपाक्ष म्हणाला, "आक्काची ओंजळ चालूच ऱ्हाणार. त्यात काय बदल न्हाय. काय?"

"व्हय की," सगळ्या म्हणाल्या. एकदम म्हणाल्या.

निंगव्वा उठली, हात पुसले. "टांगास्टँडावरनं लीद आणा," ती म्हणाली. "नुस्त्या मातीची चूल तडकती."

सहा चुली तिनं स्वतःच्या हातानं घातल्या. मंगळवारचा पूर्ण दिवस आणि बुधवारची दुपार. काळी माती, घोड्याची लीद, चाळलेलं भुस्कट. ती आधी घरातली झुळूक कुठून येते ते बघे, ओल्या हाताची पाठ पुढे धरून. मग चुलीचं तोंड ठरवी. प्रत्येकीच्या उंचीप्रमाणे चुलीची उंची वेगळी. केराबाई ठेंगणी, तिची चूल सगळ्यांत बुटकी. मी बुधवारी संध्याकाळी गेलो तेव्हा ती केराबाईच्या चुलीवर शेवटचा हात फिरवत होती. इतक्या काळजीनं माणूस स्वतःच्या विरुद्ध काही घडवतो असं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "उद्यापुरत्या दाखवायच्या तर एवढ्या चांगल्या कशाला?" तिनं चिखलाचा हात आडवा हलवला. "वाईट कशी घालायची? मला येत न्हाय."

गुरुवारी सात पत्र्यांतून सात धूर निघाले. चुली अजून ओलसर होत्या, धूर दाट आणि पिवळा होता. चन्नप्पा डोळे पुसत सातही घरांत वाकून आले. त्यांना मनापासून आनंद झाला. "बघा," ते मला म्हणाले, "प्रत्येक घराला स्वतःची चूल. याला संसार म्हणतात." सात चिठ्ठ्या कायम झाल्या.

पुढचं मला कुणी सांगितलं नाही. मी महिन्यातून दोनदा जायचो, तेवढ्यात जे दिसलं ते दिसलं.

चुली दाखवायच्या होत्या, पण एकदा घरात आलेली चूल परत जात नाही. केराबाई जानेवारीत भेटली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. "सायेब, दोन वर्सांनी गरम भाकर खाल्ली. पोरी ताटापाशी वाट बगत बसत्यात, फुगली की टाळ्या वाजिवत्यात." आता मटणाला दारातले दगड लागत नव्हते आणि विस्तव मागायला जावं लागत नव्हतं. भाकरीला चिमटा घ्यायचं कारण उरलं नव्हतं. या सुखाला मी नावं ठेवू शकत नाही. आपल्या माणसाच्या ताटात आपल्या हातची भाकरी वाढणं हे कुणी कुणाला सोडायला सांगू नये. मात्र रोज सात जाळ, दोन वेळा. जानेवारीची घरटी चाळीस किलो लाकडं अठरा-एकोणीस तारखेला संपली. मग रॉकेल, मग तुराट्या, मग कारखान्यातून आणलेली विडीच्या पानांची कातरण. ती जळते कमी आणि खोकवते जास्त.

ओंजळी पहिले दोन आठवडे आल्या. सोमवारी, गुरुवारी, ठरल्याप्रमाणे. पण देणारीला देण्याचं कारण पूर्वी हातात दिसायचं. पीठ द्यायची, भाकरी घ्यायची. आता ती नुसतीच दारात जाऊन पीठ ठेवायची, आणि निंगव्वा नुसतीच घ्यायची. दोघींनाही ते जड जाऊ लागलं. एकदा विरुपाक्षची बायको ओंजळ घेऊन गेली तेव्हा निंगव्वा म्हणाली, "ऱ्हाऊ दे ग, तुजी पोरं हैत." तिनं ते भिडेनं म्हटलं असणार. पण पिठाचं वाडगं परत गेलं, आणि ते परत गेलेलं बाकीच्यांनी पाहिलं. महिन्याअखेर एकही ओंजळ येत नव्हती. बायका तिच्या दारावरून जाताना पावलं उचलून जात.

आणि तिचं लाकूड तसंच होतं. गल्लीत तिच्या एकटीच्या दारात लाकूड शिल्लक होतं, कारण तिच्याकडे शिजवायला काही नव्हतं. मग ज्यांच्या ओंजळी थांबल्या होत्या त्याच लाकूड मागायला आल्या. केराबाई आली. "आक्का, चार लाकडं दे. भाकरी अर्ध्यावर हैत." तिनं दिली. सगळ्यांना दिली.

फेब्रुवारीत निधीचा अहवाल लिहायचा म्हणून मी गेलो. घरं फिरून शेवटी तिच्याकडे आलो. चूल सारवलेली, स्वच्छ. तवे भिंतीला टांगलेले. तिनं मला पाण्याचा तांब्या दिला आणि मुठीत चार शेंगदाणे.

"आज काय केलंय जेवायला?" मी विचारलं.

"आज सोमवार की. उपास."

तो मंगळवार होता.

अहवालाच्या कागदावर एक रकाना होता, 'चूल पेटलेली आहे काय'. तो मी कोरा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी चन्नप्पांच्या पेढीवर गेलो. सगळं सांगितलं. म्हणालो, चुलीऐवजी माणसांप्रमाणे जळण द्या, आणि ज्यांना एकत्र भाजायचं त्यांना भाजू द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं खरं असेल," ते म्हणाले. "पण या शहरात आपल्या तीनशे सोळा चिठ्ठ्या आहेत. एका गल्लीसाठी नियम वाकवला की बाकीच्या सगळ्या गल्ल्या त्याच्यावर बसतात. आणि निंगव्वाला आपण काही कमी दिलं का? सगळ्यांएवढंच दिलं." मग म्हणाले, "तिला पीठ हवं असेल तर माझ्या घरून घेऊन जा म्हणावं. जरूर."

मी तो निरोप तिला दिला. ती म्हणाली, "त्यांच्या घरी माज्या हातची भाकर लागती का?" मी म्हणालो, नाही, नुसतं पीठ. "मग कशाला," ती म्हणाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पत्रे तापू लागले. दुपारी घरात बसवत नव्हतं. बायका विड्या वळायला गटाराकडेच्या कडुलिंबाखाली बसत. पाचट अकलूजकडून यायचं होतं, ट्रकचं भाडं मुंबईचे दोन देणगीदार देणार होते, आणि ते स्वतः सोलापूरला येऊन निधीचं काम पाहणार होते. त्यांच्यासमोर एखाद्या बाईनं दोन शब्द बोलावेत असं समितीत ठरलं. चन्नप्पांनी निंगव्वाचं नाव काढलं. "ज्या गल्लीत एक चूल होती तिथे सात झाल्या. याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार?"

हे सांगायला मी गल्लीत गेलो तेव्हा ती लिंबाखाली पानं कातरत होती. केराबाईनं तिला आपल्या कामातलं थोडं दिलं होतं. तिचे हात त्या कामाला नवखे होते, पानाची कड सरळ येत नव्हती.

"बोल की आक्का," केराबाई म्हणाली. "पर तितं काय उलटं बोलू नगंस. पाचट आलं न्हाय तर पोरी भाजून निगतील."

"मी कवा उलटं बोलले?"

"न्हाय, आपलं म्हनलं."

केराबाई पाणी प्यायला उठली तेव्हा मी हळू आवाजात म्हणालो, "निंगव्वा, जे झालं ते सांगा. त्यांना कळू दे. मी सांगून उपयोग झाला नाही."

ती कातर थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "खरं सांगितल्यावर चुली मोडायला लावतील?"

"नाही. कदाचित चिठ्ठ्या कमी करतील. कदाचित नियम बदलतील. सांगता येत नाही."

"मग सात पत्रं तापत्यात तम्मा," ती म्हणाली आणि पुन्हा पान कातरू लागली. थोड्या वेळानं, खाली बघतच, "आणि खोटं सांगायचं तर लोकांम्होरं कसं सांगायचं? सिद्रामप्पा असता तर त्यानं सांगितलं असतं. त्याला बोलायला यायचं."

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. सकाळी दहाला. वर दोन पंखे फिरत होते आणि पुढच्या खुर्च्या त्यांच्या खाली मांडल्या होत्या. मागे सतरंजीवर बायका. निंगव्वाच्या गल्लीच्या सहाही जणी होत्या, धुतलेली लुगडी नेसून. विरुपाक्ष खांबाला टेकून उभा होता. मुंबईचे दोन दाते होते, एक वयस्कर आणि एक तरुण. दोघंही भले वाटले. वयस्करांनी बसण्याआधी बायकांना नमस्कार केला.

मी अहवाल वाचला. तीनशे सोळा चुली. इतकं किलो लाकूड, इतकं लिटर रॉकेल, इतक्या घरांच्या विजेच्या बिलाला हातभार. निंगव्वाच्या गल्लीचा आकडा सात होता. मी तो वाचला. थांबून काही सांगता आलं असतं. मी पुढची ओळ वाचली.

मग चन्नप्पांनी तिला पुढे बोलावलं. ती उठली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, आणि पंख्याखाली येऊन उभी राहिली.

"या आमच्या निंगव्वा," चन्नप्पा दात्यांना म्हणाले. नेहमी ते तिला अगंतुगं करत, आज नाही. "यांच्या गल्लीत सहा घरांना चूल नव्हती. निधीमुळे प्रत्येक घरात चूल झाली, आणि त्या साऱ्या यांनी आपल्या हातानं घातल्या. निंगव्वा, तुम्ही सांगा. भिऊ नका. पूर्वी बरं होतं की आता बरं आहे?"

पंखा फिरत होता. मागे सतरंजीवर कुणी हललं नाही. केराबाईनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. तिच्या ओठांचा आकार 'आता' असा झाला होता, आवाज नव्हता.

निंगव्वानं चन्नप्पांकडे पाहिलं, मग दात्यांकडे. तरुण दाता हसला, तिला धीर यावा म्हणून. तिचे ओठ एकदा उघडले. मी समोरच बसलो होतो. शब्द तिच्या घशापर्यंत आलेला मला दिसला, आणि तो कोणता होता हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं तो गिळला. मग मागे वळून सहाही जणींवरून तिची नजर फिरली, एकीवरून दुसरीवर, सावकाश. शेवटच्या बाईपाशी येऊन थांबली.

"बोला की," चन्नप्पा म्हणाले. "बरं झालं एवढं म्हटलं तरी पुरे."

तिनं हात जोडले. मला वाटलं, आता म्हणेल. पण जोडलेले हात तसेच खाली आले. ती सतरंजीच्या कडेनं चालू लागली. खांबापाशी विरुपाक्षनं सरकून वाट दिली. त्या तेवढ्या वेळात तिच्या पावलांचा आवाज येत राहिला, आणि मग दारातून, बाहेरच्या उन्हात, ती एक अक्षरही न बोलता निघून गेली.